दारू सोडून वर्ष झालं. आता कधीतरी, प्रमाणात प्यायला हरकत आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येऊन वर्ष झालं, तब्येत सुधारली, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आले. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, सगळे बसतील, तेव्हा दोन पेग घेतले आणि पुढेही असंच कधीतरी प्रमाणात पीत राहिलो तर चालेल का? केंद्रात जाण्याआधी सकाळी हात थरथरायचे, उतारा (म्हणजे सकाळचा घोट) घेतल्याशिवाय दाढी करता येत नव्हती, हेही तुम्हीच लिहिलं आहे. त्या एका ओळीवरून माझं उत्तर ठरतं. पिऊ नका. तुमच्या-माझ्यासारख्याला प्रमाणात पिणं साधण्याची शक्यता फार कमी आहे. आणि समजा साधलं, तरी त्यातून जे मिळेल ते तुम्हाला हवं असलेलं नसेल. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी डॉक्टर नाही. नाशिकला सातपूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. दारूच्या आजारातून गेलोय, कित्येक वर्षांत प्यायलेलो नाही, आणि अजूनही एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) मिटिंगला जातो. तिथे ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. त्यामुळे तो मनात आला म्हणून घाबरू नका, आणि लाजू तर अजिबात नका.

केंद्रात तुम्हाला सांगितलं असेल की आता एक थेंबही चालणार नाही. बाहेर मात्र कुणीतरी सांगतं की अमका पूर्वी ढोसायचा, आता शनिवारी दोनच घेतो. अशी माणसं असतात, हे मी नाकारणार नाही. १९६२ साली लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधले डॉ. डी. एल. डेव्हिस यांनी दारूसाठी उपचार घेतलेल्या ९३ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातले ७ जण बऱ्याच वर्षांनंतर सर्वसामान्य माणसासारखं, बेताने पीत असल्याचं त्यांनी नोंदवलं. त्यावर तेव्हा मोठा वाद झाला, कारण असं होऊच शकत नाही असं सगळे धरून चालले होते. पुढे १९८५ मध्ये लंडनचेच मानसोपचारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी त्याच सात जणांची पुन्हा कसून चौकशी केली. तेव्हा दिसलं की सातपैकी पाच जणांना त्या काळात किंवा नंतर पिण्याचा चांगलाच त्रास झाला होता. खरोखर सुरळीत राहिलेले दोघंच, आणि त्या दोघांपैकी एकाचं व्यसन मुळात कधी तीव्र नव्हतंच.

म्हणजे तुमच्या ओळखीतला तो शनिवारवाला खोटा असेलच असं नाही. ज्यांचं पिणं वाढलेलं असतं पण शरीर दारूवर अवलंबून राहिलेलं नसतं, त्यांच्यातले काही जण कमी करू शकतात आणि कमीवर टिकूही शकतात. पण ज्याला सकाळी थरथर सुटते, उतारा लागतो, दारू बंद केली की भास होतात किंवा फिट येते, तो या गटात बसत नाही.

अमेरिकेत १९९४ मध्ये ऑड्री किशलाइन यांनी 'मॉडरेशन मॅनेजमेंट' नावाची संस्था सुरू केली. दारू पूर्ण न सोडता आटोक्यात कशी आणायची, याचे गट ती चालवते. ते गट तीव्र व्यसन असलेल्यांसाठी नाहीत हे संस्था स्वतःच सांगते. जानेवारी २००० मध्ये किशलाइन यांनी जाहीर केलं की आपल्याला पूर्ण सोडण्याची गरज आहे, आणि त्या एएकडे वळल्या. दोनच महिन्यांनी त्यांनी दारूच्या नशेत हायवेवर उलट्या दिशेने गाडी घातली आणि समोरच्या गाडीतला एक बाप आणि त्याची बारा वर्षांची मुलगी त्यात गेली. या घटनेचा वापर दोन्ही बाजूंनी वादात केला. एक बाजू म्हणाली, पाहा, प्रमाणात पिण्याचं हे फळ. दुसरी म्हणाली, तेव्हा तर त्या सोडण्याच्या मार्गावर होत्या. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की प्रमाणात पिण्याबद्दल इतका विचार केलेली, नियम लिहून काढलेली, त्यासाठी संस्था उभी केलेली बाईसुद्धा स्वतःचं पिणं नुसत्या नियमांनी बांधून ठेवू शकली नाही.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. एसजीपीटी आणि जीजीटी खाली आले ही आनंदाची गोष्ट आहे. लिव्हर सोसणारा अवयव आहे, वेळेत थांबलं तर पुष्कळ भरून येतं. पण रिपोर्ट लिव्हरचा आहे, पिण्यावरच्या ताब्याचा नाही. दारू मेंदूला मंद करते. रोज ती मिळायला लागली की मेंदू तिला तोंड देण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून ठेवतो, म्हणून जुनं माप कमी पडायला लागतं. मग दारू अचानक बंद झाली की तो चेतलेला मेंदू उघडा पडतो: घाम, थरथर, झोप नाही, कुणाला फिट. प्रत्येक वेळी सोडून पुन्हा धरलं की हा त्रास बहुतेकदा आधीपेक्षा जोरात येतो. शिवाय वास, बर्फाचा आवाज, चखण्याची डिश, ठरावीक मित्र, ठरावीक वेळ यांची मेंदूत जी जोडणी झालेली असते ती वर्षभरात पुसली जात नाही. नुसती स्वस्थ पडलेली असते.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे, ती श्रावणाची. 'मी दरवर्षी श्रावण पाळतो, महिनाभर थेंबाला शिवत नाही, मग मी व्यसनी कसा?' मीही पाळायचो, अगदी कडक. पण गटारीला आधीच भरपाई करून घ्यायची आणि महिनाभर कॅलेंडरकडे बघत राहायचं. न पिण्याचं आम्हा लोकांना जमतं. महिना जमतो, माळ घातली तर त्याहून जास्त जमतं. अडचण पहिल्या ग्लासानंतर सुरू होते. वर्षभर सोडली म्हणजे आता ताबा आला, असा अर्थ तुम्ही काढताय, पण या वर्षात तुमच्या ताब्याची परीक्षा झालेलीच नाही, कारण पहिला ग्लास भरलाच गेला नाही. तेच तर या वर्षाचं यश आहे.

'दोन पेग' म्हणजे किती, हेही बघा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. ६० चा मोठा घेतला तर २०, क्वार्टरमध्ये ६० च्या आसपास. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे चार छोटे पेग. आणि लग्नाच्या गच्चीवर माप लावून कोण ओततो? हात सैल असलेला मामा ओततो.

मुद्द्याचं आता सांगतो. माझा साडू खरोखर प्रमाणात पितो. जेवण वाढलं अशी हाक आली की अर्धा भरलेला ग्लास तसाच टेबलावर ठेवून उठतो. तो ग्लास नंतर कुणी ओतून दिला तरी त्याला कळत नाही. मी बघत राहायचो, मला ते कोडंच वाटायचं. तो पेग मोजत नाही, वेळ बघत नाही, स्वतःला बजावत नाही. त्याला दीड पेगनंतर पुरे वाटतं, बस. मला आयुष्यात कधी पुरे वाटलं नाही. पहिले दोन पेग माझ्यासाठी एसटी स्टँडपर्यंतचं चालणं होतं, गाडी तिथून पुढे सुटायची. मग मला कुणी वचन दिलं की तुला आयुष्यभर रोज दोनच मिळतील, तिसरा कधीही नाही, तर मला ते नको असायचं. दोन पिऊन थांबणं म्हणजे माझ्यासाठी मजा सुरू होण्याच्या जागी येऊन उभं राहणं आणि परत फिरणं.

तुम्हीही स्वतःला हाच प्रश्न खरेपणाने विचारा. तुमच्या पिण्याच्या काळात दोन पेगवर समाधानाने उठलेली एक तरी संध्याकाळ आठवते का? पैसे संपले, दुकान बंद झालं, बायको उठून आली, अशा संध्याकाळी धरायच्या नाहीत. ज्यात आतून पुरे वाटलं अशी एखादी. नसेल आठवत, तर तुम्ही आता जे मागताय ते तुम्हाला पूर्वीही नको होतं.

आणि नियमांवर पिणं कसं असतं ते मी जगलोय. आठच्या आधी नाही. घरी बाटली ठेवायची नाही. फक्त बिअर. सोमवार-गुरुवार बंद. त्या काळात मी आधीच्या मानाने कमी प्यायलो असेन, पण दारूचा विचार आधीपेक्षा जास्त केला. सकाळपासून डोक्यात हिशोब, आठला किती मिनिटं आहेत, काल एक कमी घेतला तर आज एक जास्त चालेल का. मुलगा समोर बसून शाळेतलं काहीतरी सांगतोय आणि माझं लक्ष घड्याळाकडे. पूर्ण सोडल्यावर पहिले काही महिने अवघड गेले, पण नंतर एक संध्याकाळ अशी आली की नऊ वाजून गेले आणि मला आठवणही झाली नव्हती. असं मोकळं डोकं मोजून पिणाऱ्या काळात एकदाही मिळालं नाही.

मग दारूचीच ओढ नसेल, तर मन नेमकं काय मागतंय? माझ्या अनुभवात बहुतेकदा ते पंगतीतली जागा मागत असतं. चुलतभावांत आपण वेगळे, रोगी, सांभाळून घेण्याचे, हे खुपतं. सगळे हसताहेत आणि आपल्यासमोर थम्सअप. हे दुःख खरं आहे, त्याला क्षुल्लक समजू नका. पण त्याच्यावरचा इलाज ग्लासात नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे उपचारांइतकाच भर माणसाला पुन्हा माणसांत आणण्यावर दिला गेला, आणि बरे झालेलेच पुढे समुपदेशक म्हणून उभे राहिले. एएच्या गटातही मला हेच मिळालं. तिथे मी वेगळा नसतो. आठवड्यातून एकदा तरी अशा जागी बसलं की लग्नातलं वेगळेपण तितकं टोचत नाही.

'कायमची सोडायची' या विचाराने छातीवर दगड येतो, हेही समजतं. गटात आम्ही म्हणतो, फक्त आजचा दिवस. मुलाच्या लग्नात पिणार की नाही, हे तुम्हाला आज ठरवायचं नाही. चुलतभावाच्या हळदीच्या रात्री पिणार नाही, एवढंच ठरवायचं आहे.

त्या रात्रीसाठी थोडं. पोट भरून जा, रिकाम्या पोटी ओढ वाढते. स्वतःची गाडी न्या, म्हणजे निघता येईल. एका भावाला आधी विश्वासात घ्या. आग्रह झाला तर 'मला चालत नाही' एवढंच, कारण सांगत बसू नका, कारण दिलं की लोक त्यावर वाद घालतात. गच्चीवर बसायचं काही कारण नाही, खाली जेवणाच्या मांडवात बसा. वाढपाला हात लावा, वेळ जातो.

औषधांबद्दल जरूर बोला. नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देऊ शकतात. डायसल्फिरामची गोळी (जिच्यावर दारू घेतली की शरीराला तीव्र त्रास होतो ती) चालू असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत घेतली असेल, तर एक पेगसुद्धा जिवावर येऊ शकतो. घरचे ती लपवून जेवणात घालत असतील तर ते आजच थांबवा, त्यात माणूस दगावू शकतो. आणि देव न करो, पुन्हा रोजचं सुरू झालंच, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

बायकोला सांगू का, असंही विचारलंय. सांगा. 'मला पिण्याची इच्छा होतेय' हे ऐकून ती घाबरेल, कदाचित रडेल. तरी तुम्ही प्यायच्या आधी सांगताय, हे तिच्यासाठी नवीन असेल. तिलाही स्वतःचा आधार हवा, घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात. रात्री-बेरात्री कुणी नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६. लग्नाआधी एकदा केंद्राच्या फॉलोअपला जा आणि इथे विचारलंत तेच तिथल्या समुपदेशकाला शब्दशः विचारा. तो तुम्हाला ओळखतो, मी नाही.