‘एवढंच?’ म्हणण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी पन्हाळ्याकडच्या हौशी मंडळींच्या वेधशाळेत आकाशदर्शनाला जाणार आहेस, असं तुझ्या आईनं सांगितलं. सध्या तू मोबाइलवर देवयानी दीर्घिकेचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचे, निळे-जांभळे फोटो बघत असतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. तू निघायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितोय.

तसं काही दिसणार नाही. रांगेत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं. कॅमेरा कितीतरी वेळ प्रकाश साठवत राहतो, तेव्हा ते रंग उमटतात. डोळ्याला असं साठवता येत नाही, आणि अंधारात आपल्याला दाखवणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. फळा घाईनं पुसल्यावर खडूचा करडा पट्टा उरतो ना, तेवढंच दिसेल. तो पट्टा 25 लाख प्रकाशवर्षांवरचा आहे. तिथून हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

हे मी एवढं बजावून का सांगतोय, तर 1986 च्या एप्रिलमध्ये मी हॅलेच्या धूमकेतूसमोर चुकलो. मी कॉलेजात होतो. गावाबाहेरच्या माळावर एका गृहस्थांनी स्वतःची दुर्बीण लावली होती, रांग मोठी होती. वर्तमानपत्रांतली चित्रं पाहून मी लांब शेपटीची वाट बघत होतो. माझी पाळी आली, एक पुसट गोळा दिसला, मी ‘एवढंच?’ म्हणालो आणि बाजूला झालो. जेमतेम दहा सेकंद. रात्रभर आकाश मोकळं होतं, धूमकेतू दक्षिणेला चांगला वर होता, आणि मी घरी जाऊन झोपलो. तो आता 2061 मध्ये येईल. मी तेव्हा नसेन. तू पन्नाशीत असशील.

म्हणून तुझ्याकडून मला एकच हवं आहे: थांब. पहिल्या नजरेला काही दिसलं नाही तरी डोळा काढू नकोस.

थांबण्यालाही कारण आहे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांची बाहुली मिनिटभरात मोठी होते, पण आतल्या पेशी पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला की ती सगळी तयारी वाया, पुन्हा पहिल्यापासून. तू तुझा फोन गाडीतच ठेव. टॉर्च लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन कागद बांध, लाल उजेडाचा त्रास सगळ्यात कमी होतो. आणि पुसट वस्तूकडे थेट बघू नकोस, किंचित बाजूला बघ. डोळ्याच्या बरोबर मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशी नसतात, त्या भोवतीनं असतात. नजर जरा तिरपी केली की तो करडा पट्टा लांबत जातो, त्याचा मधला भाग उजळतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा कुणीतरी दिवा लावल्यासारखं वाटलं होतं.

तुला थांबायची सवय नाही असं समजू नकोस. याच महिन्यात किरणोत्सवाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गर्दीत उभी होतीस ना? ते आकाशदर्शनच. मावळता सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेला सरकला की किरणं महाद्वारातून थेट आत येतात. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला सूर्य दक्षिणेकडे जाताना तिथं असतो, आणि डिसेंबरातल्या अयनदिनाहून, म्हणजे सर्वांत दक्षिणेकडच्या टोकाहून, परत फिरला की 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला पुन्हा तिथं येतो. उत्सव दोनदा होतो तो त्यामुळं. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी सूर्यास्ताची जागा वर्षानुवर्षं टिपून ठेवली असणार, असं मला मनापासून वाटतं. किरण पायांवरून वर चढताना तू श्वास रोखून बघतेस. त्या करड्या पट्ट्यापुढंही तशीच उभी राहा.

पहिले दोन तास गर्दी असेल, लहान मुलं असतील, प्रत्येकाला थोडाच वेळ मिळेल. ते होऊ दे. नळीला किंवा नेत्रिकेला (डोळा लावतो त्या भिंगाला) हात लावू नकोस, नुसत्या धक्क्यानं चित्र नजरेबाहेर जातं. दुर्बिणीजवळ उभ्या असलेल्या माणसाला आरशाचा व्यास विचार. आठ इंची असेल तर तुझ्या डोळ्याच्या सुमारे 800 पट प्रकाश ती गोळा करते. असं विचारणाऱ्याला ही मंडळी नंतर हमखास परत बोलावतात. गर्दी पांगली की खरी रात्र सुरू होते.

तोवर नुसत्या डोळ्यांनी एक काम कर. हात ताणून मूठ धर, ती साधारण 10 अंश भरते. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी मोजायच्या आधीच ध्रुव सापडेल, कारण आपला अक्षांश सुमारे 16.7 अंश आणि ध्रुवाची उंचीही जवळजवळ तेवढीच. मग दहा-अकराच्या पुढं दक्षिणेकडं तोंड करून अगस्त्य या तेजस्वी ताऱ्याची वाट बघ. तो आपल्याकडं मध्यरात्रीनंतर दोन मुठींपर्यंत चढतो. दिल्लीकरांना एक मूठसुद्धा मिळत नाही आणि लंडनमधून तो कधीच दिसत नाही. गळीत हंगाम आहे, पाचटाचा धूर क्षितिजालगत साचतो, त्यामुळं सुरुवातीला तो लालसर आणि थरथरता दिसेल. वर आला की पांढराशुभ्र.

दुर्बीण घ्यायची का, असं तू मागं विचारलं होतंस. इतक्यात नको. खोक्यावर ‘525 पट’ असं छापलेली 60 मिलिमीटरची दुर्बीण मी एकदा हौसेनं घेतली. एवढ्या भिंगाला 120 पटींच्या पुढं नुसती धूसर प्रतिमा मिळते, हे मला पैसे गेल्यावर कळलं. आधी सहा महिने या लोकांकडं जा. अमावास्येला दीर्घिका बघ, शुक्ल अष्टमीला चंद्र. पौर्णिमेला तो सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. त्यानंतरही ओढ टिकली तर 10×50 ची द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण, 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) घे, तिच्यात कृत्तिकांचा तारकागुच्छ बघ, आणि मगच मोठ्या दुर्बिणीचं बोलू.

स्वेटर आणि कानटोपी ने, पन्हाळ्यावर वारा बोचतो. परतीची गाडी आधी ठरवून ठेव, नाहीतर अगस्त्य उगवायच्या आत खाली उतरावं लागेल. आणि एक कोरी वही ने. दुर्बिणीतून जे दिसेल ते पेन्सिलीनं काढ, कितीही पुसट असलं तरी. देवयानीचं चित्र मला दाखवायला आण. मीही माझी जुनी वही काढून ठेवतो.

तुझा,
सर