कोलकाता डर्बी, म्हणजे मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा फुटबॉल सामना, पहिल्यांदा बघायला जाताय?

तिकीट काढताना गॅलरी कुणाची ते आधी बघा. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक वेगळे बसतात, आणि चुकीच्या गॅलरीत ईस्ट बंगालचा लाल-पिवळा किंवा बागानचा हिरवा-मरून टी-शर्ट घालून बसलात तर सामना बाजूलाच राहील. कुणाचेच नसाल तर पांढरा शर्ट बरा.

सॉल्ट लेक स्टेडियमला मेट्रोच सोयीची. पाण्याची बाटली, लायटर, हेल्मेट आत नेता येईल असं धरूच नका. ही कडक तपासणी उगाच नाही: १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर डर्बीत १६ प्रेक्षक दगावले. सुटल्यावर लगेच गेटकडे धावू नका, गर्दी ओसरू द्या.

गप्पांसाठी एवढं पाठ हवंच: बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलमधला ईस्ट बंगालचा ५-० विजय बागानवाल्यासमोर काढायचा नाही. १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलमधली ईस्ट बंगालच्या बायचुंग भूतियाची हॅट्ट्रिकही नाही (तेव्हा मैदानात सव्वा लाखाहून जास्त माणसं होती). बागान जिंकलं तर समर्थकांच्या ताटात कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं तर हिल्सा मासा. मासळी मात्र सामन्याआधीच घेऊन ठेवा, नंतर भाव चढतो म्हणतात.