एका वेळी एकच गोष्ट बदल

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

गेम खेळताना पीसी मध्येच बंद पडून आपोआप सुरू होतो, हा तुझा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक मेसेज वाचला. वाचताना आधी कीव आली, मग राग. एका आठवड्यात तू विंडोज नव्याने टाकलंस, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदललास, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदललीस, बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलंस, रॅमची आणखी एक कांडी आणून लावलीस आणि गेमची सेटिंग्ज खाली ओढलीस. त्यानंतर दोन दिवस पीसी नीट चालला. शनिवारी रात्री ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये पुन्हा फट्‌दिशी बंद पडून आपोआप सुरू झाला. आता मला सांग, ते दोन दिवस कशामुळे बरे गेले? तुला सांगता येणार नाही. मलाही नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही पंडितालाही नाही. उत्तर मिळायची सोयच तू ठेवली नाहीस.

म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदल. बदललीस की वहीत लिही. मग थांब.

आधी नोंदी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तुला ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं आणि तू ठरवून मोकळी झालीस की एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला. अगं, ४१ हा पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. मशीन रीतसर बंद न होता पडलं, एवढंच तो सांगतो. त्याच नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’, म्हणजे विंडोज कोसळल्याच्या कारणाचा आकडा, असतो, तो बघ. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही टिपून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, वीज किंवा हार्डवेअरने खालूनच पाय ओढला. आकडा असेल तर निळा स्क्रीन येऊन गेला असणार, तुला दिसला नाही इतकंच. कारण विंडोजमध्ये आपोआप रिस्टार्ट होण्याची सेटिंग मुळातच चालू असते. ती बंद कर. ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) नावाच्या नोंदीही शोध, प्रोसेसर किंवा कार्डाच्या तक्रारी तिथे येतात. पण विंडोज नव्याने टाकताना तू आधीच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्यास. पुरावा होता, तोच गेला. आता शनिवारची एकच नोंद हाताशी आहे, ती जप.

आता रॅम. जुनी एका कंपनीची, नवी दुसऱ्या कंपनीची, आणि दोन्हींवर एक्सएमपी चालू. एक्सएमपी म्हणजे कंपनीने छापून दिलेलं ओव्हरक्लॉकिंगच, रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवणं. वेगवेगळ्या कांड्या त्या वेगाला एकत्र नांदतीलच असं नाही. म्हणजे मूळ आजार तसाच राहून तू वर दुसरा लावून घेतला असशील. नवी कांडी काढ, एक्सएमपी बंद कर. इथे दोन बदल झाले हे मला कळतं. पण आपल्याला आधी मूळ जागी यायचंय, तपास तिथून पुढे. पेस्ट आणि बायोस आता मागे नेत बसू नकोस. गेमची सेटिंग्ज मात्र पूर्वीसारखी वर ने. होय, वर. बिघाड हवाच आहे आपल्याला.

मग तुझा यूपीएस. मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंस, ‘यूपीएस आहे, त्यामुळे लाईटचा प्रॉब्लेम नाही.’ तिथेच मी कपाळाला हात लावला. त्याच्या मागचं स्टिकर बघ. ६०० व्हीए लिहिलं असेल तर बहुतेक त्याखाली ३६० वॅटही लिहिलेलं असतं. तुझं सेकंडहँड ग्राफिक कार्ड, आरटीएक्स ३०७०, एकटं २२० वॅटचं. त्यात प्रोसेसर, पंखे, एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज, आणि मॉनिटरही तू त्यालाच लावलायस. गेम सुरू नसताना हे सगळं आरामात बसतं, म्हणून दिवसभर व्हिडिओ बघताना काही होत नाही. संध्याकाळी कोपरखैरणेत सगळ्यांचे एसी सुरू झाले, व्होल्टेज खाली आलं, की यूपीएसमधला रिले, म्हणजे विजेचा मार्ग बदलणारा स्विच, ‘टक्’ करतो. तो आवाज तू ऐकला असशील. त्या काही मिलिसेकंदांत एसएमपीएसला स्वतःच्या कपॅसिटरवर, म्हणजे आत साठवलेल्या विजेवर, तग धरायचा असतो, आणि पूर्ण लोडवर ही ताकद साधारण १६ मिलिसेकंदांची. स्वस्तातल्या यूपीएसची बॅटरीवरची वीज चौकोनी लहरीची असते; काही एसएमपीएसना ती मानवत नाही. व्होल्टेज घसरलं की एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला ‘सगळं ठीक’ हा सिग्नल काढून घेतो, बोर्ड रिसेट होतो. तुला दिसतं ते नेमकं हेच असू शकतं.

असू शकतं. आहे असं मी म्हटलेलं नाही. म्हणून पहिला बदल हाच आणि एवढाच: पीसी यूपीएसवरून काढून सरळ भिंतीच्या सॉकेटला लाव. एक्स्टेन्शन बोर्डही नको, त्याच्या पत्त्या सैल झालेल्या असतात. बाहेर गडगडत असेल त्या दिवशी खेळू नकोस. तोच गेम, तीच सेटिंग्ज, तेवढाच वेळ.

किती वेळ? यातच सगळे फसतात. तू म्हणतेस, साधारण दोन तासांनी एकदा रिस्टार्ट होतं. असा बिघाड अवचित येणारा असेल, तर काहीही दुरुस्त न करता दोन तास सुखरूप जाण्याची शक्यता शंभरात ३७ आहे. म्हणजे तीन वेळांतून एकदा तरी तुला उगाच वाटणार की जमलं! सहा तास निर्विघ्न गेले तर ती शक्यता शंभरात ५ वर येते. म्हणून सहा तास, तेही खेळाचे, पीसी नुसता चालू ठेवल्याचे नव्हेत. तुझे ते दोन बरे दिवस म्हणजे बहुधा हे ३७ टक्के. आणि सहा तास गेले तरी खूश होऊ नकोस: यूपीएस परत लाव आणि बिघाड परत येतो का बघ. आला, तर चोर सापडला.

भिंतीवरूनही पडला तर दुसरा बदल. सगळे तुला सांगतील की कार्डाचा पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आण. आणलास की पीसी टिकेल, आणि तू पुन्हा गोंधळशील. कारण पॉवर कमी केली की वीजही कमी लागते आणि उष्णताही कमी होते. बटण एक दाबलंस, बदल दोन झाले. त्यापेक्षा पॉवर पूर्ण ठेव, कॅबिनेटचं दार काढ आणि टेबल फॅन थेट आत सोड. आता फक्त उष्णता बदलली. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तापमान फाइलमध्ये नोंदवत राहायला सांग आणि पडण्याआधीच्या शेवटच्या ओळी वाच. कार्डाचा ‘हॉटस्पॉट’, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, विशेष करून. प्रोसेसर तापला तर सहसा आधी वेग कमी करतो, एकदम मान टाकत नाही. फॅन लावूनही पडला, तर उष्णतेवरचा संशय बराच कमी.

उरतो एसएमपीएस. कार्डाला दोन आठ-पिनी जोड असतील तर तू एकाच केबलची दोन तोंडं लावलीयस का बघ. दोन वेगळ्या केबल लाव, हा एक बदल. पुन्हा खेळ. तुझ्यासारखी आरटीएक्स ३००० मालिकेतली कार्डं क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर वीज ओढतात, हे माहीत असलेलं आहे. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात कार्डासाठीच्या नव्या जोडाच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या दुप्पट लोड सोसला पाहिजे अशी अट आली. तुझा ५५० वॅटचा त्याआधीचा. त्यावरचं ‘गोल्ड’ वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, असे धक्के सोसण्याचं नाही. मल्टिमीटरला हे धक्के दिसत नाहीत. एसएमपीएस उघडायचा तर विचारही करू नकोस, आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही जवळपास ४०० व्होल्ट असू शकतात. मैत्रिणीचा आणून लाव, पण तिच्या एसएमपीएसच्या केबलसकट. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या, केबलच्या एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते, तिथे जुनी केबल खुपसलीस तर हार्ड डिस्क जळू शकते.

हे सगळं तुला वेळकाढूपणा वाटणार. मला आयुष्यभर लोकांनी तेच ऐकवलं. नौपाड्यात माझं आणि मित्राचं दुरुस्तीचं दुकान होतं. एका हिशेबनिसाच्या ऑफिसातला पीसी भर मार्चमध्ये अधूनमधून रिस्टार्ट व्हायचा. मित्राने एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड सगळं बदलून बिल केलं, तरी पडायचाच. मी तिथल्या मुलीला एक वही दिली आणि सांगितलं, पडला की घड्याळ बघून वेळ लिही, आणि तेव्हा ऑफिसात काय चाललं होतं तेही. तिने टाचणीसारख्या अक्षरात लिहिलं: ११.४०, साहेबांची प्रिंट. १.१०, प्रिंट. ४.२५, चहा, प्रिंट. लेझर प्रिंटर पीसीच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर होता. त्याचा रोलर तापायला लागला की करंट खेचायचा आणि पीसी कोसळायचा. मी प्रिंटरचा प्लग दुसऱ्या भिंतीला लावला. काम संपलं.

आणि त्याचे मला पैसे मिळाले नाहीत. ‘प्लग हलवायचे कसले पैसे?’ मित्र म्हणाला, ‘बघ, तुझ्या वहीवर दुकान चालत नाही.’ पुढे आम्ही वेगळे झालो. आज त्याचं मोठं शोरूम आहे, माझं दुकान बंद होऊन जमाना झाला. त्याचं म्हणणं धंद्याच्या बाजूने खरं होतं, गिऱ्हाइकाला बदललेला पार्ट दिसतो, विचार दिसत नाही. पण मित्राने बदललेला तो मदरबोर्ड चांगला होता गं. तो चांगला बोर्ड भंगारात गेला. दुकान गेल्याचं वाईट वाटतं, त्याच्याशी बोलणं तुटलं याचं त्याहून जास्त. पण तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा वहीच देईन. घरचे याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

तुझं तसं नाही, तुझ्यापुढे बिल थांबलेलं नाही. स्टायपेंडमधून घेतलेला तुझा स्वतःचा पीसी आहे, तुला घाई कसली? बाबांना सांग की नवा एसएमपीएस लगेच आणू नका. त्यांनी मला फोन केला होता, पैसे द्यायला ते तयारच आहेत, म्हणूनच मला जास्त काळजी.

वहीत चार रकाने आख: तारीख, काय बदललं, किती तास खेळलीस, काय झालं. ‘काय बदललं’च्या रकान्यात दोन गोष्टी लिहाव्या लागल्या तर त्या दिवशी खेळू नकोस. सहा तास झाले की पानाचा फोटो पाठव, त्याआधी फोन नको. यूपीएसच्या स्टिकरचा आणि कार्डाच्या केबलचा फोटो मात्र आजच पाठव. आणि नव्या रॅमचं खोकं टाकलं नसशील तर उद्याच दुकानात जा, परत घेतात का विचार.

तुझा,
काका