जेवणात गुपचूप गोळी मिसळू का?

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं पिणं फार वाढलंय. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. जाऊबाईंनी एक गोळी सुचवलीय. कुटून जेवणात मिसळायची, वरून दारू पडली की उलट्या होतात आणि दारू आपोआप सुटते म्हणे. देऊ का?

उत्तर: ताई, अजिबात नको. आणि एखादी देऊन झाली असेल, तर त्यांना आजच सांगा, डॉक्टरांनाही विचारा.

ती गोळी बहुधा डायसल्फिरामची. औषध जुनं आणि खरं आहे. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ बनतो, तो निकामी करणाऱ्या एन्झाइमलाच ही गोळी अडवते. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळू शकतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. ज्याला हे माहीत आहे तो धसक्याने ग्लासला हात लावत नाही. गोळीचा उपयोग तेवढाच. तुमचे मिस्टर मात्र रोजच्यासारखा ग्लास भरतील. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास ती घ्यायचीच नसते, आणि बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय हे कधीतरी उघडकीला येणारच. मग तुमच्या हातचं पाणी पितानाही ते विचार करतील.

मला जास्त काळजी वाटते ती सकाळच्या थरथरीची. असा माणूस एकदम दारू थांबवतो तेव्हा पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. म्हणून ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन (व्हिटॅमिन बी-१) घेऊनच काढायचे.

दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा कमी होते. पिणं पूर्ण थांबलेलं नसतानाही ते सुरू करता येतं. पण ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर चालत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू सोडल्यावर दिवसातून तीनदा घ्यायचं, आधी मूत्रपिंड तपासून. जादू यातल्या कशातच नाही, जोडीला समुपदेशन लागतंच.

बोलायचं ते सकाळी, न प्यालेले असताना. दारूचा विषय काढण्याआधी ‘हात थरथरतात ते दाखवून येऊ’ म्हणा. नाहीच आले, तर किती पितात, कधीपासून, सकाळी लागते का, हे लिहून तुम्ही एकट्याच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि जाऊबाईंना सांगा, डायसल्फिरामही देता येईल, पण डॉक्टरांनी तपासून दिली आणि मिस्टरांनी स्वतः मागून घेतली तर.