चारिझार्ड घेण्याआधी थोडं ऐक
भाऊ, पोकेमॉनची कार्डं जमवायला लागलास, पण पहिल्याच महिन्यात चारिझार्ड नावाच्या कार्डामागे धावू नको. भाव असतो तो १९९९च्या इंग्रजी बेस सेटमधल्या, म्हणजे पहिल्या संचातल्या, ४/१०२ नंबरच्या कार्डाला, त्यातही चित्राखाली डावीकडे फर्स्ट एडिशनचा, म्हणजे पहिल्या छपाईचा, शिक्का असेल तर. तसलं कार्ड जळगावात कुणी पाचशेला देतो म्हणाला, तर काय ते समजून जा. मीही फसलोय. कड भिंगाखाली धर. खऱ्या कार्डात मधोमध बारीक काळी रेघ दिसते. माझ्या कार्डात नुसता पांढरा पुठ्ठा निघाला!

आणि आपला मे महिना... पत्र्याच्या खोलीत चमकीचं कार्ड उन्हातल्या पापडासारखं वळतं. आधी मऊ स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी, वरून टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, मग कपाटात. कूलरसमोर अजिबात नको, दमट हवा लागते. ग्रेडिंगचा, म्हणजे कंपनीकडून कार्ड तपासून दर्जा ठरवून घेण्याचा, खर्च साध्या कार्डावर घालू नको. कापसाचे पैसे यात टाकायचे? नाही रे बाबा.