लाय, ले आणि लेड: नेमका घोळ कुठे होतो

प्रश्न असा आलाय की इंग्रजीतलं ‘आय ले ऑन द बेड’ हे वाक्य बरोबर कसं, ले म्हणजे तर ठेवणे ना? वाक्य एकदम बरोबर आहे, फक्त ते भूतकाळातलं आहे, मी पलंगावर पडून राहिलो असं. लाय म्हणजे आडवं होणे, त्याची रूपं लाय, ले, लेन. आणि ठेवणे वाल्या ले ची रूपं ले, लेड, लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ, सगळा घोळ इथेच आहे. त्यात खोटं बोलणारं लाय तिसरंच, त्याचं साधं लाय, लाइड, लाइड, ते बाजूला ठेवा.

आता पाठ करण्याआधी एक बघा, ही जोडी आपल्याला अजिबात परकी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, आपण दिवसभर हेच करतो की, आतला स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट कोणीतरी केलेली होते. इंग्रजीतही हेच होतं, जुन्या इंग्रजीत लिज्जन म्हणजे पडून असणे आणि त्यावरून लेज्जन म्हणजे आडवं करणे, ठेवणे. सिट-सेट तसंच, आणि फॉल-फेल तर हुबेहूब पडणे-पाडणे, झाड पाडणे याला आजही फेल अ ट्री म्हणतात (हे फेल म्हणजे फॉल चा भूतकाळ नव्हे, वेगळं क्रियापद, याचा भूतकाळ फेल्ड). राइज-रेझ पण त्यातलंच, फक्त रेझ हे उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलंय, अस्सल इंग्रजी जोडीदार रिअर, जो आता मुख्यतः मुलं किंवा जनावरं वाढवण्यासाठी वापरतात. मला हे फार आवडतं, कारण व्याकरणाच्या पुस्तकात सकर्मक-अकर्मक वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे पटकन दिसतं.

मग युक्ती काय, तर वाक्य मराठीत भूतकाळात म्हणून बघायचं आणि ‘ने’ लागतो का ते ऐकायचं. कोंबडीने अंडं घातलं, ने आला, म्हणून लेड. कुत्रा दारात पडून राहिला, ने नाही, म्हणून ले. भाव वाढले, रोझ. कंपनीने भाव वाढवले, रेझ्ड. मी आणि तू ला ने दिसत नाही पण क्रियापद सांगतं, ‘मी पुस्तक ठेवलं’ मधे ठेवलं हे पुस्तकाप्रमाणे चालतं, ‘मी पडलो’ मधे पडलो हे माझ्याप्रमाणे. फक्त शिकणे, विसरणे, पिणे असली काही क्रियापदं फसवतात, तो धडा शिकला, ती चहा प्यायली, कर्म आहे तरी ने नाही, पण ती या जोड्यांमधे येत नाहीत त्यामुळे इथे अडत नाही.

सर्वात जास्त चुका ‘इंग’ लावताना होतात. पडून आहे ते लाइंग, ठेवतोय ते लेइंग. ‘ही इज लेइंग ऑन द सोफा’ हे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बोलताना सर्रास म्हणतात, त्यामुळे कानावर पडलं म्हणून बरोबर धरू नका, परीक्षेत किंवा ऑफिसच्या लिखाणात ती चूकच धरतात.

से आणि टेल लाही मराठी कान चालतो बरं का. तो म्हणाला, ही सेड. त्याने मला सांगितलं, ही टोल्ड मी. टेल ला बहुतेक वेळा लगेच माणूस लागतो, से ला मधे टू घालावं लागतं, ‘ही सेड मी’ कधीच नाही.

बॉरो-लेंड मधे मात्र ने काही मदत करत नाही, दोन्हीकडे ने येतो, तिथे वस्तू कुठल्या दिशेने जातेय एवढंच बघायचं, उसनं घेतलं तर बॉरो आणि उसनं दिलं तर लेंड, म्हणजे समोरच्याकडे पेन मागताना ‘कॅन यू लेंड मी’ किंवा ‘कॅन आय बॉरो’.