अलुकार्डचं वय ३६७? तो आकडा माझ्याच चुकीतून आलाय

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. तुम्ही म्हणताय की कॅसलव्हेनिया या व्हिडिओ गेम मालिकेतल्या अलुकार्डचं वय एका चाहत्यांच्या माहितीपानावर ३६७ दिलंय, ॲनिमेशन मालिकेत तर तो जेमतेम विशीतला वाटतो, आणि आईला मारलं तेव्हा तो लहान होता की मोठा याचा कुठेच पत्ता लागत नाही. मग धरायचं काय? त्या ३६७ चं मूळ मला माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तो आकडा मीच काढला, एका लेखात मांडला आणि मीच त्या पानावर चढवला. म्हणून जरा लांबण लावतोय. ड्रॅक्युला हा अलुकार्डचा बाप, लिसा ही त्याची मानव आई आणि बेलमाँट हे पिशाच्चांची शिकार करणारं घराणं, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही.

हिशोब असा होता. १९९७ साली गेम बॉयवर कॅसलव्हेनिया लेजंड्स आला. त्याची गोष्ट १४५० सालची. त्यात सोनिया बेलमाँटला अलुकार्ड भेटतो, तिची तयारी जोखायला तिच्याशी लढतो, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे सरळ दिसतं. मी म्हटलं, तेव्हा तो निदान वीस वर्षांचा असणारच. म्हणजे जन्म १४३०. अलुकार्ड ज्याचा नायक आहे तो सिम्फनी ऑफ द नाइट हा गेम घडतो १७९७ मध्ये. वजाबाकी केली, ३६७ आले.

वजाबाकीत काही चूक नव्हती. पण मालिकेचे निर्माते कोजी इगाराशी यांनी लेजंड्स अधिकृत कालक्रमातून काढून टाकला होता, आणि मी लेख लिहिला तेव्हा ही गोष्ट जुनी झाली होती. मला पत्ताच नव्हता. माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती, तिच्यात प्रत्येक गेमसमोर साल लिहिलेलं. त्या वहीवर माझा इतका विश्वास होता की एखादा गेम मोजायचाच नसतो हे मनातही आलं नाही.

चूक कळल्यावर मी त्याच रात्री पानावर दुरुस्ती केली. सकाळी पाहतो तर जुना आकडा परत आलेला. कारण काय, तर "संदर्भासह दिलेली माहिती काढू नये". तो संदर्भ म्हणजे माझाच लेख! मी चालकांना कळवलं की लेख माझा आहे, चुकीचा आहे, मी तो मागे घेतोय. उत्तर आलं की लेखकाचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून चालत नाही. मग मी लेखच काढून टाकला, तर त्यांनी त्याची साठवलेली प्रत जोडली. चार महिने हे चाललं. त्या पानाचं नाव घेत नाही. तिथली माणसं फुकट राबतात याची मला कदर आहे. पण चूक करणारा स्वतः दारात येऊन सांगतोय तरी ऐकायचं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि त्या आकड्याची झळ दुसऱ्यांना बसली. एका मुलीने त्यावर विसंबून मोठी कथा लिहिली होती, तीत ट्रेव्हर बेलमाँट (कॅसलव्हेनिया ३ चा नायक) हा अलुकार्डचा मुलगा. कथा खरंच सुंदर होती. लोकांनी "अभ्यास नाही" म्हणून तिला झोडपलं. अभ्यास माझा कच्चा होता, बोलणी तिने खाल्ली. त्यानंतर तिने काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे माझं मत आहे, अधिकृत कुणी नाही मी. आधी कुठला अलुकार्ड ते ठरवा. नेटफ्लिक्सच्या मालिकेत लिसा १४५५ मध्ये पहिल्यांदा ड्रॅक्युलाच्या वाड्यावर येते आणि १४७५ मध्ये तिला जाळतात. म्हणजे तिथला अलुकार्ड तेव्हा विशीच्या आतलाच, वाद नाही. लॉर्ड्स ऑफ शॅडो ही गेम्सची तर मांडणीच वेगळी, तिथे ट्रेव्हर हाच पुढे अलुकार्ड होतो. ती मालिका चांगली आहे, पण तिच्यातलं एकही साल इकडे आणू नका. नवीन लोक इथेच फसतात, कारण नावं तीच असतात.

मूळ गेम्समध्ये जन्मसाल दिलेलं नाही. हातात येतं ते एवढंच: १४७६ मध्ये, म्हणजे कॅसलव्हेनिया ३ मध्ये, तो ट्रेव्हरच्या बाजूने बापाशी लढण्याइतका मोठा आहे. तिथून १७९७ पर्यंत ३२१ वर्षं. म्हणून मी "३२१ अधिक तरुणपणाची वर्षं" असंच लिहितो, पुढे ठाम आकडा देत नाही. पुढच्या गेम्समध्ये जपानमध्ये दिसणारा आरिकाडो हा तोच धरला (डॉन ऑफ सॉरो या गेममधला ज्युलियस मोड खेळलात की शंका उरत नाही) तर २०३५ पर्यंत ५५९ अधिक तेवढीच. 'आरिकाडो' हे अलुकार्डच्या जपानी उच्चाराशी मिळतंजुळतं नाव आहे, आणि अलुकार्ड म्हणजे ड्रॅक्युला उलटा. देवनागरीत ते उलटेपण दिसत नाही, रोमन अक्षरं मागून वाचली की कळतं.

जाता जाता, ज्याच्यावरून ड्रॅक्युला हे नाव आलं तो खरा व्लाद त्सेपेश वालाकियाच्या (आजच्या रोमानियातल्या) गादीवर तिसऱ्यांदा बसला तो १४७६ मध्येच, आणि १४७६ सरता सरता किंवा १४७७ उजाडता मारला गेला. गेमचं साल तेच असणं मला योगायोग वाटत नाही. पण लामेंट ऑफ इनोसन्स या गेममध्ये ड्रॅक्युला १०९४ सालचा माथियास ठरतो, त्यामुळे व्लादच्या चरित्रावरून मुलाचं वय काढायला जाऊ नका. मी तेही करून पाहिलंय.

शिवाय त्यातली बहुतेक वर्षं अलुकार्ड जगलेलाच नाही. १४७६ नंतर आपलं रक्त जगाला धोक्याचं म्हणून तो स्वतःहून झोपी गेला आणि वाडा पुन्हा उभा राहिल्यावर जागा झाला. तीनशे वर्षांचा अनुभवी पुरुष म्हणून त्याच्याकडे बघितलं की त्याचं वागणं कळत नाही. आईच्या मृत्यूनंतर थोडेच दिवस जागा राहिलेला मुलगा म्हणून बघा, म्हणजे तो इतका कमी का बोलतो ते लक्षात येतं.

आई गेली तेव्हा त्याचं वय काय, यासाठी लोक सिम्फनीतल्या स्वप्नाच्या प्रसंगाकडे बोट दाखवतात. जमिनीखालच्या गुहांत एक सेव्ह रूम (खेळ जिथवर आला ते साठवायची खोली) लागते, तिथे तो झोपतो आणि समोर लिसा बांधलेली दिसते. तो तिथे मोठाच आहे, तोच लांब कोट, तेच पांढरे केस. पण ते सक्युबस नावाच्या राक्षसिणीने दाखवलेलं स्वप्न आहे, आणि स्वप्नात माणूस स्वतःला आजच्या रूपातच बघतो. पुरावा म्हणून मी ते धरत नाही. मला त्या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ती आई त्याला सूड घ्यायला सांगते, आणि तो तिथल्या तिथे ओळखतो की ही माझी आई नव्हे. याचा अर्थ तिचे खरे शब्द त्याने ऐकलेत, समजून घेतलेत आणि जपलेत. तान्ह्या पोराकडून हे होत नाही. यापलीकडे मी जात नाही.

ते खरे शब्द अगदी शेवटी येतात, ड्रॅक्युला स्वतः विचारतो तेव्हा. तुमच्या पोस्टवरून वाटतं की तुम्ही रिक्टर बेलमाँटला मारून सिम्फनी संपवलात. तो अर्धाच गेम आहे. घड्याळाच्या दालनात सोन्याची आणि चांदीची अशा दोन्ही अंगठ्या घालून उभे राहा, खाली वाट उघडेल, तिथे मारिया ही मदतनीस पवित्र चष्मा देते. तो घालून रिक्टरसमोर जा आणि त्याच्याऐवजी डोक्यावर फिरणाऱ्या हिरव्या गोळ्यावर वार करा. मग उलटा वाडा सुरू होतो. आत्ताची सेव्ह फाईल पुसू नका, त्यावरूनच पुढे जाता येईल.